सांधा कोठे आहे? : काल्पनिक प्राण्यांचे वर्णन, रेखाटन आणि संगणकीय रंगलेपन



वर्णनपर लेखनाचा विचार करताना आपण बहुधा डोळ्यांपुढे असलेल्या गोष्टी घेतो : माणूस, घर, बाजार, पाऊस. या लेखात आपण अशा प्राण्यांकडे वळणार आहोत, जे कोणीच पाहिलेले नाहीत, आणि तरीही ज्यांची चित्रे व शिल्पे आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. अशा प्राण्याचे शब्दांतील वर्णन चित्रकाराच्या हाती जाते तेव्हा नेमके काय घडते, हा आपला विषय आहे. तुमच्यापैकी काही जण पुढे बालपुस्तकांसाठी किंवा चित्रमालिकांसाठी लेखन करतील, काही जण आजच टॅब्लेटवर किंवा मोबाईलवर चित्रे काढत असतील. लेखक आणि चित्रकार यांच्यामधला जो पूल आहे, त्यावरून दोघांनाही जावे लागते.

शब्द मोघम राहू शकतो

‘त्या घोड्याला पंख होते’ हे वाक्य पूर्ण आहे. वाचकाला त्यात काहीही कमी वाटत नाही. चित्रकाराने मात्र पेन्सिल हाती घेतली की प्रश्न सुरू होतात. पंख खांद्याच्या पुढे की मागे? पिसांचे की वटवाघळासारखे कातडीचे? मिटले तर पाठीवर बसतात की कुशीला लोंबतात? घोडा वळतो तेव्हा पंखांचे काय होते? वाक्याने यांपैकी एकही गोष्ट सांगितलेली नाही, आणि तरीही ते चुकीचे नाही. भाषेचा हा स्वभावच आहे. ती आवश्यक तेवढे सांगते आणि बाकीचे अनिर्दिष्ट ठेवते. चित्राला ही मुभा फारशी नसते. कागदावर पंख काढायचा तर तो कोठून तरी निघालाच पाहिजे. धुके, सावली किंवा झाडाचे खोड आड आणून चित्रकार एखादा प्रश्न टाळू शकतो, पण टाळणे हाही त्याने घेतलेला निर्णयच असतो.

हे केवळ काल्पनिक प्राण्यांपुरते नाही. ‘चौशिंगा’ हा शब्द घ्या. चार शिंगे आहेत ज्याला तो, असा सरळ बहुव्रीही समास. महाराष्ट्राच्या जंगलांत आढळणारा हा खराखुरा प्राणी आहे. पण ज्याने तो कधी पाहिला नाही अशा व्यक्तीला केवळ शब्दावरून त्याचे चित्र काढायला सांगा. चार शिंगे एका ओळीत येतील, किंवा डोक्याच्या चार कोपऱ्यांवर येतील. प्रत्यक्षात शिंगांची एक जोडी कानांच्या मध्ये असते आणि दुसरी, आखूड, पुढे कपाळावर. तीही फक्त नराला. शब्द संख्या सांगतो, जागा सांगत नाही.

‘शिंग’ हा शब्दही असाच. चितळ आणि सांबर यांची फांद्या फुटलेली शिंगे दरवर्षी गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, गाय, बकरी यांची शिंगे आतून पोकळ असतात, त्यांच्यात हाडाचा गाभा असतो आणि ती जन्मभर टिकतात. मराठीत दोन्हींना शिंगच म्हणतात, आणि चितळ व काळवीट या दोघांनाही आपण सरसकट हरीण म्हणतो. बोलण्यात याने काही अडत नाही. पण लेखकाने ‘हरणाच्या शिंगांचा राक्षस’ एवढेच लिहिले, तर कोणते हरीण हे चित्रकाराने विचारलेच पाहिजे. त्याने विचारले नाही, तर राक्षसाला काळविटाची पिळदार शिंगे येतील की सांबराची फाटे फुटलेली, हे लेखकाच्या हातात राहत नाही.

गोव्याहून निघालेला गेंडा

शब्दावरून चित्र काढण्याचे इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या किनाऱ्यापासून सुरू होते. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याच्याकडून भेट मिळालेला एक गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकर्क याने गोव्याहून जहाजाने पोर्तुगालच्या राजाकडे रवाना केला. जानेवारी १५१५ मध्ये निघालेले जहाज २० मे १५१५ रोजी लिस्बनला पोहोचले. युरोपात कित्येक शतकांत कोणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. त्या प्राण्याचे वर्णन करणारे पत्र आणि एक कच्चे रेखाटन जर्मनीत न्यूरेंबर्ग येथे पोहोचले, आणि तेथील चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने त्यावरून काष्ठठसा तयार केला. त्याने गेंडा स्वतः कधीच पाहिला नाही. गेंडा पुढे पोपकडे भेट म्हणून पाठवला गेला आणि १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मेला.

ते चित्र तुम्ही अवश्य पाहा. भारतीय गेंड्याच्या जाड कातडीला खरोखरच मोठ्या घड्या असतात. ड्यूररच्या चित्रात त्या घड्यांचे चिलखत झाले आहे, कडा शिवल्यासारख्या आहेत, पायांवर खवले आहेत, आणि मानेच्या मागे, पाठीवर एक छोटेसे पिळाचे शिंग उगवले आहे. चित्रावर छापलेल्या मजकुरात कासवाची उपमा आहे. उपमा देणाऱ्याला एक साधर्म्य दाखवायचे असते. चित्रकाराला पूर्ण पृष्ठभाग भरायचा असतो, त्यामुळे उपमेतील कासव थोडे जास्तच चित्रात उतरते. कातडी ‘ढालीसारखी’ म्हटली की ढाल येते, ढालीबरोबर तिची कडाही येते.

तरीही हे चित्र अठराव्या शतकापर्यंत युरोपात गेंड्याचे अधिकृत रूप म्हणून चालले. प्रती निघाल्या, नकला झाल्या, प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत ते गेले. खरे गेंडे पोहोचू लागल्यावरही लोकांना ड्यूररचाच गेंडा अधिक खरा वाटत असे. याचे कारण माझ्या मते एकच आहे. ड्यूररचे तपशील चुकले, पण शरीर चुकले नाही. तो प्राणी जमिनीवर वजन टाकून उभा आहे. त्याची मान खांद्यात रुतलेली आहे, पोट लोंबलेले आहे, पाय भार पेलत आहेत. पाहणाऱ्याचा विश्वास तेथे बसतो, आणि एकदा बसला की पाठीवरचे जादा शिंगही खपून जाते.

समास आणि सांधा

काल्पनिक प्राणी कोठून येतो? लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना दिलेला सल्ला असा की, कल्पित प्राणी खरा वाटायला हवा असेल, तर त्याचा प्रत्येक अवयव एखाद्या खऱ्या प्राण्यावरून घ्यावा : डोके शिकारी कुत्र्याचे, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, मान पाणकासवाची. आपल्याकडे हाच विचार नावांतच गोठलेला दिसतो. नरसिंह, गजमुख, किन्नर, अश्वमुख. मध्ययुगीन मंदिरांवरील व्यालांचे शिल्पग्रंथांत सोळा प्रकार सांगितले आहेत, ते मुख्यतः मुखावरून : गजव्याल, अश्वव्याल, शुकव्याल इत्यादी. धड सिंहाचे आणि मुख बदलते. भाषेच्या विद्यार्थ्याला ही रचना लगेच ओळखू येईल. एक पद स्थिर आणि दुसरे बदलते, अशी शब्दघडणीची साखळीच आहे ही.

पण समासात दोन पदे जोडली की काम संपते. ‘गज’ आणि ‘मुख’ यांच्यामध्ये मान नाही. चित्रात आणि मूर्तीत मान आहे. गणपतीची मूर्ती या दृष्टीने पाहिली आहे का? हत्तीचे मस्तक मनुष्यदेहावर बसवणे ही प्रमाणांची मोठी अडचण आहे, आणि आपल्या मूर्तिकारांनी ती इतकी सुंदर सोडवली आहे की आपल्याला अडचण होती हेच कळत नाही. बहुतेक मूर्तींत मान जवळजवळ नसतेच. मस्तक थेट रुंद खांद्यांवर उतरते. जेथे हत्तीची कातडी संपून माणसाची त्वचा सुरू व्हायला हवी, नेमके तेथे कान पसरलेले असतात, हार असतो, उपरणे असते. मोठ्या मस्तकाला तोल म्हणून खाली मोठे पोट असते. सोंड त्या दोहोंना जोडते. नरसिंहाच्या मूर्तीत हेच काम आयाळ करते.

मकराची गोष्ट भाषेच्या दृष्टीने अधिक रंजक आहे. मंदिराच्या तोरणांवर दिसणारा मकर म्हणजे मगरीचा जबडा, हत्तीची सोंड आणि माशाचे किंवा वेलबुट्टीत विरघळणारे शेपूट. संस्कृतातील ‘मकर’ प्राकृतमार्गे मराठीत ‘मगर’ झाला. शब्द खऱ्या प्राण्याकडे गेला आणि तत्सम रूप काल्पनिक प्राण्याकडे राहिले. मकरसंक्रांत म्हणताना आपल्या मनात मगर येत नाही, ते यामुळेच. शिल्पकाराने मकराचा सांधा शेपटीच्या बाजूला चक्क सोडून दिलेला असतो. प्राण्याची नक्षी होते आणि प्रश्न मिटतो. ही पळवाट आहे, पण देखणी पळवाट आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण ओडिशातील नवगुंजराचे. सारळा दास यांच्या ओडिया महाभारतात हा नऊ प्राण्यांचा मिळून झालेला प्राणी अर्जुनापुढे येतो. कोंबड्याचे डोके, मोराची मान, बैलाचे वशिंड, सिंहाची कंबर, सापाचे शेपूट, तीन पाय तीन वेगळ्या जनावरांचे, आणि चौथ्या पायाच्या जागी माणसाचा हात. अर्जुन बाण सोडणार तोच त्याला तो हात दिसतो आणि हे श्रीकृष्णाचे रूप आहे हे त्याच्या ध्यानात येते. आता विचार करा : या चित्रात सांधे लपवले, नऊ रूपे एकजीव करून टाकली, तर कथाच बुडते. अर्जुनाला हात वेगळा दिसायला हवा, म्हणून पाहणाऱ्यालाही तो वेगळा दिसायला हवा. पटचित्रांत प्रत्येक भागाला स्वतंत्र रंग आणि ठसठशीत बाह्यरेषा असते. सांधा लपवायचा की दाखवायचा, हे कथेवर अवलंबून आहे.

आणि कधी कधी चित्र शब्दाचे ऐकतच नाही. शरभ हा सिंहालाही भारी असलेला, आठ पायांचा प्राणी, असे संस्कृत वाङ्मय सांगते. महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या दरवाजांवर ज्याला आपण शरभ म्हणतो, ते शिल्प मात्र बहुधा चार पायांच्या सिंहसदृश प्राण्याचे असते. जंजिऱ्याच्या प्रवेशद्वाराजवळचे शिल्प अनेकांनी पाहिले असेल : श्वापदाने पायांखाली हत्ती दाबले आहेत आणि शेपटीच्या वेटोळ्यातही हत्ती पकडला आहे. दरवाजावरच्या शिल्पाला खालून येणाऱ्याने एका दृष्टिक्षेपात ओळखायला हवे. आठ पायांची गर्दी तेथे गोंधळ करील. पाथरवटाने चार पाय गाळले आणि ‘भारी’ हा अर्थ हत्तींचा आकार लहान करून सांगितला. मला हा अनुवादाचा फार चांगला नमुना वाटतो.

सांगाडा आधी

आता चित्र काढणाऱ्यांसाठी. पौराणिक प्राणी काढण्याचा अभ्यास गोठ्यात, अंगणात आणि बसथांब्यावरच्या कुत्र्यापासून सुरू होतो. मांजर आणि कुत्रा बोटांवर चालतात, घोडा आणि गाय नखांवर, म्हणजे खुरांवर, आणि अस्वल आपल्यासारखे पूर्ण तळपायावर. घोड्याच्या मागच्या पायातील मागे वळलेला सांधा अनेकांना उलटा गुडघा वाटतो. ती टाच आहे. खरा गुडघा वर पोटालगत असतो. एवढे एक समजले तरी अर्धी रेखाटने सुधारतात. डोळ्यांचेही तसेच : घरच्या मांजराची बाहुली उजेडात उभी फट होते, बकरीची आडवी असते, पण वाघाची गोल असते. वाघाला मांजराचे डोळे दिलेली चित्रे शेकड्याने दिसतात.

पंखांचा प्रश्न सर्वांत अवघड. पक्ष्याचा पंख हा त्याचा पुढचा पाय आहे. म्हणून पंखवाल्या सिंहाला सहा अवयव होतात, आणि असा सांगाडा कोणत्याही पृष्ठवंशी प्राण्यात नाही. येथे चित्रकाराला शोध लावावा लागतो. खांद्याच्या पात्यामागे दुसरे पाते कल्पावे, छाती रुंद व खोल करावी, कारण पंख हलवणारे मोठे स्नायू छातीवर असतात. हे स्नायू त्वचेखाली दिसणारच नसले तरी ते तुम्हाला ठाऊक असले की पंख पाठीवर डकवलेला दिसत नाही.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. गजव्याल काढायचा आहे. सिंहाचे धड लवचिक, पोट आत ओढलेले. हत्तीचे मस्तक प्रचंड जड. ते तसेच जोडले तर प्राणी नाकावर आपटेल असे वाटते. उपाय दोन. एक तर खांदे उंच, पुढचे पाय जाड आणि पंजे रुंद करावेत. किंवा मंदिरांवरच्या शिल्पकाराप्रमाणे त्याला मागच्या पायांवर उभा करावा, म्हणजे मस्तकाचा भार कण्यावरून थेट खाली उतरतो. त्या उभ्या मुद्रेमागे शोभेइतकाच तोलाचाही विचार असावा, असे मला वाटते. मान झाकण्यासाठी आयाळ कानाच्या मागून सुरू करावी, पण पहिले केस विरळ ठेवावेत. हत्तीच्या अंगावरही राठ, तुरळक केस असतात. तेच दाट होत आयाळीत जातात, आणि सांध्याला कारण मिळते.

संगणकाच्या पडद्यावर

संगणकीय रंगलेपन ही वेगळी कला नव्हे, वेगळी साधने आहेत. दाब ओळखणारी लेखणी आणि टॅब्लेट असेल तर उत्तम. क्रिता हा प्रोग्रॅम संगणकावर विनामूल्य मिळतो. केवळ मोबाईल असलेले विद्यार्थीही बोटाने पुष्कळ काही करतात. चित्र पुस्तकात छापायचे असेल, तर आरंभीच मोठे घ्यावे : ए-४ आकाराला इंचामागे ३०० बिंदू या हिशेबाने २४८० × ३५०८ बिंदू लागतात. लहान चित्र नंतर ताणून मोठे केले की धूसर होते. पडद्यावर झळाळणारे निळे-हिरवे रंग छपाईत उतरत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

या साधनांतील सर्वांत उपयुक्त सोय म्हणजे थर, ज्याला सगळे ‘लेयर’च म्हणतात. कच्चे रेखाटन एका थरावर, सपाट रंग दुसऱ्यावर, सावली तिसऱ्यावर. सावलीचा थर ‘मल्टिप्लाय’ या पद्धतीवर ठेवला की खालचा रंग न झाकता गडद होतो. काल्पनिक प्राण्याच्या बाबतीत मात्र हीच सोय घातक ठरते. मस्तक एका थरावर आणि धड दुसऱ्यावर ठेवले की ते शेवटपर्यंत वेगळेच राहतात. मस्तकावर उजेड डावीकडून, धडावर उजवीकडून, कारण संदर्भाची छायाचित्रे वेगवेगळी होती. म्हणून एका टप्प्यावर धीर करून दोन्ही थर एकत्र करावेत आणि सांध्याची जागा नव्याने, हाताने रंगवावी. रंगापूर्वी संपूर्ण चित्र करड्या छटांत पूर्ण केले तर प्रकाशाची दिशा आपोआप एक होते. अधूनमधून चित्र आडवे उलटवून पाहावे, म्हणजे डोळ्याला सवयीने न दिसणारा कललेला तोल लगेच दिसतो. आणि सगळ्यांच्या आधी, आकृती पूर्ण काळी भरून पाहावी. नुसत्या काळ्या आकारावरून प्राणी ओळखू आला नाही, तर खवल्यांच्या तयार कुंचल्याने तो वाचणार नाही.

केस एकेक करून रंगवू नयेत, झुपक्यांनी रंगवावेत. ते ज्या दिशेने वाढतात तीच दिशा कुंचल्याची.

शब्द देताच चित्र तयार करून देणारे प्रोग्रॅम आता सर्वांच्या हाती आहेत. त्यांच्याबद्दल एवढेच लक्षात ठेवा : तुम्ही जे सांगितले नाही, ते हे प्रोग्रॅम त्यांना पुरवलेल्या असंख्य चित्रांतील रुळलेल्या नमुन्यांवरून भरतात. ‘शरभ’ एवढेच दिले तर कोठल्या तरी परदेशी पंखवाल्या सिंहाचे रूप पुढे येण्याची शक्यता अधिक. जंजिऱ्याच्या दरवाजावरचा प्राणी हवा असेल तर तो शब्दांत सांगता आला पाहिजे, आणि त्यासाठी वशिंड, सुळा, आयाळ, खूर, पंजा, जबडा, कूस हे शब्द आपल्याजवळ नेमक्या अर्थाने हवेत. गोठ्यात वावरलेल्या तुमच्यातील अनेकांकडे ते माझ्यापेक्षा अधिक असतील.

करून पाहा

आपल्या गावातील किंवा जवळच्या मंदिरातील, वाड्यातील अथवा किल्ल्यातील एक काल्पनिक प्राणी निवडा. प्रत्यक्ष समोर बसून त्याचे सुमारे १५० शब्दांत वर्णन लिहा. ‘भव्य’, ‘अद्भुत’, ‘विलक्षण’ ही विशेषणे वापरू नका. कोणता अवयव कोणत्या प्राण्याचा, तो कोठे जोडला आहे, सांधा लपवला आहे की दाखवला आहे, भार कोणत्या पायांवर आहे, एवढेच लिहा. छायाचित्र काढा, पण कोणाला दाखवू नका. मग ते वर्णन चित्र काढू शकणाऱ्या एखाद्या व्यक्तीला, घरातील शाळकरी मुलालाही चालेल, वाचून दाखवा आणि तिला चित्र काढू द्या. तिने विचारलेला प्रत्येक प्रश्न वर्णनाच्या समासात लिहून ठेवा. संपर्कसत्राला येताना वर्णन, चित्र, छायाचित्र आणि ते प्रश्न असे चारही सोबत आणा.